जुना डीएसएलआर घेताय? आधी लेन्स ठरवा

बजेट तोकडं असेल तर निम्म्याहून जास्त पैसे बॉडीवर, म्हणजे लेन्सशिवायच्या कॅमेऱ्यावर, घालवू नका. २४ मेगापिक्सेलची जुनी एपीएस-सी (फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान सेन्सरची) बॉडी ६००० × ४००० पिक्सेलचा फोटो देते आणि ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) ए३ प्रिंट त्यातून आरामात निघते. नव्या मॉडेलसाठी मोजलेले जादा पैसे फोटोत फारसे दिसत नाहीत. लेन्सचे मात्र लगेच दिसतात.

कॅमेऱ्यासोबत मिळणारी १८-५५ मिमीची किट लेन्स दिवसाउजेडी उत्तम चालते, तिला उगाच नावं ठेवली जातात. अडचण येते ती घरात, संध्याकाळी. ३५ मिमीवर ती एफ/४.५च्या आसपासच उघडते (एफचा आकडा लहान तितका प्रकाश जास्त). एफ/१.८ची लेन्स सहापट प्रकाश घेते, म्हणजे १/२० सेकंदाचा शटर १/१२५वर जातो. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन तुमच्या हाताची थरथर थांबवतं, पळणारं पोर थांबवत नाही.

स्वस्त म्हणून सगळे ५० मिमी सुचवतात. एपीएस-सीवर तिचा कोन मोठ्या, फुल-फ्रेम सेन्सरवरच्या ७५-८० मिमीसारखा अरुंद होतो. दहा बाय बाराच्या खोलीत बारशाचे फोटो काढायला गेलात तर पाठ भिंतीला टेकेल. एकट्या माणसाच्या पोर्ट्रेटला ती झकास, पण घरगुती कामाला निकॉनची ३५ मिमी एफ/१.८ डीएक्स बरी. कॅननवाल्यांसाठी ईएफ-एस २४ मिमी एफ/२.८ एसटीएम आहे. ती प्रकाश कमी घेते, पण पोळीच्या डब्याच्या झाकणाएवढी चपटी.

आता माउंटची, म्हणजे लेन्स बॉडीला जिथे जोडतात त्या जागेची, मेख. निकॉनच्या डी३०००, डी५००० मालिकेतल्या बॉडीत, म्हणजे डी३५००, डी५६०० वगैरेंत, फोकसची मोटर नाही. जुनी ‘एएफ-डी’ लेन्स त्यांवर बसते, पण फोकस हातानेच करावा लागतो. अशा बॉडीसाठी नावात ‘एएफ-एस’ बघून घ्या. उलट, नव्या ‘एएफ-पी’ लेन्स डी३१००, डी३२००, डी५१००, डी७००० यांवर फोकसच करत नाहीत, हातानेही नाही. लेन्स स्वस्तात मिळतेय म्हणून उचलायची आणि घरी येऊन डोक्याला हात लावायचा, हा प्रकार इथेच घडतो.

कॅननमध्ये ३०००डी टाळाच: माउंट प्लास्टिकचं आहे. १५००डी आणि २००डी मार्क टू यांच्या हॉट शूमध्ये (वर फ्लॅश बसवायच्या खाचेत) मधली पिन नाही, त्यामुळे त्या एका पिनवर चालणारे स्वस्त फ्लॅश आणि ट्रिगर पेटत नाहीत. साध्या २००डीत ती पिन आहे, शिवाय स्क्रीन फिरते. जुन्या बाजारात माझं मत तिलाच.

विक्रेत्याकडे जाताना स्वतःचं एसडी कार्ड आणि टॉर्च न्या. लेन्स काढून मागून तिरका उजेड टाका. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. कितीही स्वस्त असो, परत ठेवा. धुळीचे दोन-चार कण चालतात. मग एफ/१६ ठेवून, फोकस मुद्दाम बिघडवून पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा. सेन्सरवरची घाण काळ्या ठिपक्यांसारखी दिसेल. ती साफ होते, ओरखडा जात नाही. शेवटी एफ/१.८वर तिरक्या ठेवलेल्या वर्तमानपत्राच्या एका ओळीवर फोकस करून चार-पाच फोटो काढा. दर वेळी पुढचीच किंवा मागचीच ओळ स्पष्ट येत असेल तर फोकस सरकलाय.

शटर काउंट, म्हणजे शटर आजवर किती वेळा उघडला तो आकडा, निकॉनच्या मूळ जेपेगच्या एक्झिफमध्ये (फोटोसोबत फाइलमध्ये लिहिलेल्या माहितीत) मिळतो. व्हॉट्सअॅपवरून आलेल्या फोटोत नाही. कॅनन तो सहसा फाइलमध्ये लिहीत नाही. फाइलच्या नावातल्या आकड्यावर विसंबू नका, ९९९९ नंतर तो पुन्हा ०००१ होतो. नवशिक्यांसाठीच्या बॉडींचे शटर साधारण एक लाखाच्या हिशेबाने बनवलेले असतात, त्यामुळे ऐंशी हजार झालेल्या बॉडीचा भाव पाडून मागा. बॅग आणि लटपटता ट्रायपॉड ‘फुकट’ मिळतोय म्हणून किंमत वाढवू देऊ नका. त्यापेक्षा जास्तीची बॅटरी मागा.

कोकणात, मुंबईत पावसाळ्यात कॅमेरा कापडी बॅगेत ठेवू नका. घट्ट झाकणाचा डबा, सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक एवढं पुरतं. काटा ४० ते ५० टक्क्यांत ठेवा. निळे खडे गुलाबी पडले की तापवून वाळवा, पण स्वयंपाकाच्या कढईत नको. त्या निळ्या रंगात कोबाल्ट असतं.