वाघिणी आडव्या आत शिरायच्या: मँचेस्टरची १८३० ची रेल्वे वखार

मँचेस्टरच्या लिव्हरपूल रोड स्थानकात आलेला माणूस बहुधा प्रवाशांच्या इमारतीपाशी रेंगाळतो. रुळांच्या पलीकडे विटांची एक लांबलचक वखार उभी आहे, तिच्याकडे फारसं कुणी पाहत नाही. खरं तर रेल्वेसाठी मुद्दाम बांधलेल्या आणि आजही उभ्या असलेल्या वखारींमधली ही सर्वांत जुनी. प्रथम श्रेणीचा संरक्षित वारसा म्हणून तिची नोंद आहे आणि ती आता विज्ञान व उद्योग संग्रहालयाच्या आवारात येते. लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वे काढली कशासाठी, हे कळायचं तर प्रवासी इमारतीपेक्षा वखार पाहावी. कालव्यांचं भाडं आणि दिरंगाई यांना कंटाळलेल्या व्यापाऱ्यांना माल हलवायचा होता.

गंमत म्हणजे वखारीची रचना त्याच कालव्यांकडून उचललेली आहे. कालव्याकाठच्या वखारीत पाणी खालच्या पातळीला आणि रस्ता वरच्या पातळीला असे. नाव थेट इमारतीच्या पोटात शिरे आणि माल कप्पीने वर ओढला जाई. लिव्हरपूल रोडला हे उलटं झालं. रेल्वे इर्वेल नदीवरच्या दगडी पुलावरून यायची, म्हणून रूळ उंचावर आणि घोडागाड्यांचं अंगण खाली. रुळांच्या बाजूने मजले मोजले तर दोन भरतात, अंगणातून मोजले तर तीन. मधल्या मजल्यावर वाघिणी (रेल्वेचे मालडबे), तळाला घोडागाड्या, सगळ्यांत वर साठवण. जमिनीतल्या झडपांमधून माल वर-खाली व्हायचा. थोडक्यात, ही इमारत म्हणजे माल उचलण्याचं यंत्र होतं. आधी यारी (माल उचलायची क्रेन) हातानेच फिरवत, १८३१ पासून वाफेच्या इंजिनाने.

वाघिणी आत कशा यायच्या, ते बारकाईने पाहण्यासारखं आहे. रूळ वखारीला समांतर जातात, दारं मात्र लांब भिंतीत आहेत. म्हणजे गाडी सरळ आत घेता येत नव्हती. एकेक वाघीण सोडवायची, फिरत्या चकतीवर आणायची, काटकोनात वळवायची आणि दारातून आत ढकलायची. हे माणसांच्या आणि घोड्यांच्या बळावर जमे, कारण वाघिणी लहान होत्या. ४ डिसेंबर १८३० ला ‘प्लॅनेट’ इंजिनाने पहिली मालगाडी लिव्हरपूलहून आणली, तिचा हिशेब मिळतो: १८ वाघिणी, त्यांत अमेरिकन कापसाच्या १३५ गाठी, पिठाची २०० पिंपं, ओटच्या पिठाची ६३ पोती, माल्टची ३४ पोती. माल सुमारे ५१ टन, म्हणजे वाघिणीमागे सरासरी तीन टनही नाही. पुढे वाघिणी मोठ्या झाल्या तेव्हा हीच पद्धत गळ्याशी आली. अख्खी गाडी तोडायची, डबे एकेक करून फिरवायचे आणि एक चकती अडकली की मागचं सगळं खोळंबायचं. नंतरच्या मालधक्क्यांत रूळ लांबीच्या दिशेने छपराखाली आणून शेजारी फलाट बांधायची पद्धत आली, ती यामुळेच.

आता बांधकाम. आराखडा लिव्हरपूलच्या थॉमस हेगचा आणि कंत्राट डेव्हिड बेलहाउस धाकटे यांचं. एप्रिलमध्ये काम सुरू झालं आणि १५ सप्टेंबर १८३० ला रेल्वेचं उद्घाटन झालं. इमारत दहा खणांची आहे. दोन-दोन खणांची एकेक जोडी, आणि जोड्यांच्या मधे विटांच्या आडव्या भिंती. शेजारून जाणाऱ्या रुळांना वळण आहे, त्यामुळे वखारही किंचित वाकलेली आहे. एका टोकाला उभं राहून भिंतीच्या कडेने नजर टाकली की हा बाक दिसतो.

तळमजल्यावर बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, खांब आणि वर लाकडी खांब, लाकडी तुळया, लाकडीच जमीन. लाकूड बाल्टिक किनाऱ्याकडचं पाइन. खालच्या खांबांवर सगळ्या मजल्यांचा भार येतो, म्हणून तिथे बीड. दाबाखाली बीड पक्कं असतं, पण ताण किंवा धक्का त्याला सोसत नाही. आगीत तापलेल्या बिडाच्या खांबावर पाण्याचा फवारा पडला तर तो तडकतो. जाड तुळई मात्र बाहेरून कोळसा होत हळूहळू जळते.

आगीला तोंड देणारी बांधणी तेव्हा ठाऊक नव्हती असं नाही. श्रुजबरीजवळच्या डिदरिंग्टनच्या गिरणीत १७९७ मध्येच लोखंडी सांगाडा आणि विटांच्या कमानी वापरल्या होत्या. इथे लाकूड निवडलं गेलं, कारण ते लवकर उभं राहतं, असा माझा अंदाज. हा जुगार होता. याच आवारातल्या १८३१ च्या कापसाच्या वखारी १८६६ मध्ये आगीत गेल्या. कापसाची गाठ आतल्या आत धुमसत राहते, वरून कळतही नाही. आडव्या भिंतींचं महत्त्व इथे आहे: एका जोडीतली आग दुसरीत सहज शिरू नये.

त्या कापसाचा एक धागा आपल्याकडेही येतो. पहिल्या गाडीतल्या गाठी अमेरिकेतल्या गुलामांच्या श्रमातून आलेल्या. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवीत तो पुरवठा आटला आणि मँचेस्टरभोवतीच्या लँकेशायरमधल्या गिरण्यांना मुंबई बंदरातून गेलेल्या कापसावर चालवून घ्यावं लागलं. तिकडे त्याला सरसकट ‘सुरत’ म्हणत. तंतू आखूड आणि कचरा फार, त्यामुळे धागा सारखा तुटे. मजुरी कामावर मोजली जाई, म्हणून कामगार त्याच्या नावाने बोटं मोडत. मुंबईत मात्र त्याच गाठींवर कापसाची तेजी फुगली आणि १८६५ मध्ये फुटली.

ही वखार टिकली याचं श्रेय काही अंशी दुर्लक्षाला द्यावं लागेल. १८४४ मध्ये प्रवासी गाड्या व्हिक्टोरिया स्थानकात हलल्या आणि लिव्हरपूल रोड नुसता मालधक्का उरला. प्रवासी गेल्यावर पाडून नवं बांधण्याची निकड राहिली नाही. मालवाहतूक १९७५ पर्यंत चालली, १९७८ मध्ये महानगर परिषदेने हे स्थानक एका पौंडाला घेतलं आणि १९८३ मध्ये तिथे संग्रहालय उघडलं.

अशा इमारतीची डागडुजी करताना पहिली नजर छपराच्या पन्हळींवर आणि भिंतीत रुतलेल्या तुळयांच्या टोकांवर जाते. दोन छपरांमधली पन्हळ तुंबली की पाणी भिंतीत उतरतं आणि तुळईचं टोक आतून कुजतं. बाहेरून मात्र ती ठणठणीत दिसते. अशा वेळी अख्खी तुळई काढत नाहीत. कुजका भाग कापून त्याला नव्या लाकडाचा सांधा देतात किंवा पोलादी पट्ट्यांचा आधार. विटांचे सांधे चुन्यानेच भरायचे. सिमेंट घातलं तर ओल बाहेर पडायला वाट राहत नाही, ती विटेतून निघते आणि विटेचा पापुद्रा सुटतो.

२०१७ मध्ये ऑर्डसॉल कॉर्ड हा नवा जोडमार्ग झाला आणि मुख्य मार्गापासून या स्थानकाचे रूळ तुटले. वखारीची दारं अजून रुळांकडेच तोंड करून आहेत.