आमची वाटचाल : चार मिलिमीटरचं छिद्र

अण्णांनी १९८६ साली पहिलं लेथ मशीन घेतलं ते हातपंपाच्या भरवशावर. इंडिया मार्क टू. सोलापूरच्या हातपंपात सुधारणा होत होत घडलेला हा पंप तेव्हा गावोगाव बसत होता. त्याचे पितळी प्लंजर, फूट व्हॉल्व्ह, वायसर यांची मागणी कधी आटत नसे. सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतला भाड्याचा गाळा, अण्णा आणि एक टर्नर, एवढाच आमचा कारखाना. त्या पंपाचं डिझाइन मुद्दाम सगळ्यांसाठी खुलं ठेवलेलं होतं. ड्रॉइंग मिळवा, मापात बनवा, तपासणीत पास व्हा आणि विका. आमच्या घरातली दोन शिक्षणं आणि एक लग्न त्या पंपावर झालं.

मी डिप्लोमा करून २००३ साली कारखान्यात आलो तेव्हा हातपंपाचं काम ओसरू लागलं होतं. पुढची बरीच वर्षं सबमर्सिबलची दुरुस्ती आणि बोअरवाल्यांच्या हत्यारांची कामं, असंच चाललं. २०१७ च्या उन्हाळ्यात एक ओळखीचे ठेकेदार टेम्पोत फाटका पॅकर टाकून आले. “एवढा नीट करून द्या, जतला सहा बोअर वाट बघतायत.” आमची वाट तिथून बदलली.

पॅकर म्हणजे काय, ते आधी सांगतो. महाराष्ट्राची सुमारे चार पंचमांश जमीन बेसाल्टवर आहे. या काळ्या खडकात पाणी असतं ते भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यात. बोअर भेगेपासून हातभर चुकली तरी कोरडी जाते. अशा बोअरमध्ये केसिंगच्या, म्हणजे वरच्या भागात बसवलेल्या पाइपाच्या खाली, पक्क्या खडकात पॅकर फुगवून बसवायचा आणि त्याच्या खाली मोठ्या दाबाने पाणी सोडायचं. गाळाने बुजलेल्या भेगा धुऊन निघतात, मिटलेल्या उघडतात, शेजारच्या भेगांना जाऊन मिळतात. याला हायड्रोफ्रॅक्चरिंग म्हणतात. आपल्या राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ही कामं करते, खासगी ठेकेदारही करतात. दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा चढत जातो, चढत जातो आणि एका क्षणी धाडकन खाली येतो. त्या क्षणी बोअरभोवती उभं असलेलं सगळं गाव गप्प होतं. प्रत्येक बोअरला पाणी वाढतंच असं नाही, आणि हे आम्ही काम सुरू करण्याआधीच सांगतो.

पॅकरचं शरीर साधं आहे. मधे लोखंडी पाइप, त्यावर दोऱ्याचे थर घातलेली जाड रबरी पिशवी. पिशवीचं एक टोक पक्कं आणि दुसरं सरकतं, कारण फुगताना पिशवी लांबीला आखडते. ठेकेदारांचा तो पॅकर फुगवायला वेगळी बारीक होज होती. खाली उतरवताना ती केसिंगच्या कडेला घासून कापली जाई. मी होज काढून टाकायचं ठरवलं. ज्या पाइपातून पाणी जाणार, त्याच पाइपातून पिशवी फुगवायची.

म्हटलं तर सोपं. पण बोअर कोरडी असेल तर साठ मीटर पाइपातल्या पाण्याचाच दाब दर चौरस सेंटिमीटरला सहा किलो होतो आणि पॅकर वाटेतच फुगून अडकतो. म्हणून पहिला व्हॉल्व्ह दहा किलोला पितळी पिन तुटल्यावरच उघडणारा केला. दुसरा चेक व्हॉल्व्ह, पिशवीत गेलेलं पाणी परत येऊ न देणारा. तिसरा खालच्या तोंडाशी स्प्रिंगवर. पाइपातला दाब बोअरमधल्या दाबापेक्षा वीस किलोने वाढल्याशिवाय तो पाणी खाली सोडत नाही. त्यामुळे पिशवी आधी बसते आणि नंतरही कायम वीस किलोने पुढे राहते.

दोन पिशव्या तरीही फाटल्या, आणि दोन्ही खालच्या टोकाला. कारण कळायला आम्हाला चार महिने लागले. भेग उघडली की खालचा दाब एकदम पडतो, पण पिशवीतला दाब चेक व्हॉल्व्हने कोंडून ठेवलेला असतो. खालचा आधार गेलेली पिशवी तिथेच फुगा धरते आणि फाटते. आमचे टर्नर, अण्णांच्या वेळेपासूनचे, एका संध्याकाळी चेक व्हॉल्व्हची बॉडी हातात फिरवत म्हणाले, “मालक, ह्याच्या पाठीमागच्या पोकळीला खालचा दाब कळायला पाहिजे.” दुसऱ्या दिवशी त्यांनी बॉडीत चार मिलिमीटरचं आडवं छिद्र मारून ती पोकळी खालच्या बोअरशी जोडली. आता खालचा दाब पडला की चेक व्हॉल्व्हच्या पाठीवरचा जोर कमी होतो, तो स्वतःच सीट सोडतो आणि पिशवीतलं जादा पाणी खाली जातं. त्यानंतर त्या जागी एकही पिशवी फाटलेली नाही. शेडमधली चाचणी आम्ही केसिंगच्या तुकड्यात आणि फक्त पाण्यावर घेतो. हवेवर कधीच नाही, कारण दाबलेली हवा फुटली तर माणूस जातो. नवीन काम सुरू करणाऱ्यांनी हे एवढं तरी लक्षात ठेवावं.

मार्च २०२० मध्ये, टाळेबंदी लागायच्या आधी, जत तालुक्यातल्या एका बोअरवर पहिली खरी चाचणी झाली. सगळं गाव बघायला होतं. त्या कामाचे पैसे आम्ही घेतले नाहीत. पेटंटचा विचार त्यानंतर आला. पुण्याच्या पेटंट एजंट मॅडमनी पहिलाच प्रश्न विचारला, “लोकांसमोर हे पहिल्यांदा कधी चालवलंत?” अर्ज करण्याआधी शोध जगजाहीर झाला की तो नवा राहत नाही. मी तारीख सांगितली आणि त्यांनी बोटांवर महिने मोजले. पेटंट कायद्याच्या कलम ३२ मध्ये सवलत आहे. शोधाची चाचणी चारचौघांत घेण्यावाचून इलाज नसेल आणि ती केवळ चाचणीच असेल, तर अर्जाआधीच्या एका वर्षातला तेवढा वापर आड येत नाही. बोअरची चाचणी घरात घेता येत नाही. आमचे दहा महिने झाले होते. जानेवारी २०२१ मध्ये तात्पुरता अर्ज गेला आणि नियमाप्रमाणे बारा महिन्यांच्या आत पूर्ण तपशिलाचा.

तो तपशील लिहिताना मॅडमचा आणि माझा एकदा चांगलाच वाद झाला. मला ते छिद्र लिहायचं नव्हतं. तीन व्हॉल्व्हवर पेटंट घ्यावं आणि छिद्र आपल्या शेडमध्ये ठेवावं, असा माझा हिशेब. त्या ठाम राहिल्या. “तुम्हाला माहीत असलेली सर्वांत चांगली पद्धत सांगायलाच लागते. कायदा वीस वर्षांचा हक्क देतो तो सांगण्याच्या बदल्यात.” शेवटी छिद्र तिसऱ्या आकृतीत आलं आणि वर्णनात त्यावर एक वाक्य. दाव्यांमध्ये, म्हणजे ज्यावर हक्क मागायचा त्या कलमांत, मात्र तीन व्हॉल्व्हच राहिले.

लघुउद्योगांना तपासणी लवकर करून घेण्याची सोय २०१९ पासून आहे. उद्यम प्रमाणपत्र जोडून आम्ही फॉर्म १८अ भरला. मोठ्या कंपन्यांना त्याची फी ६० हजार होती, आम्हाला ८ हजार. महाराष्ट्रातले अर्ज मुंबईच्या अँटॉप हिलच्या कार्यालयाच्या अखत्यारीत येतात.

पहिला परीक्षण अहवाल आला तेव्हा मी तो तीनदा वाचला आणि रात्री जेवलो नाही. परीक्षकांनी तीन जुनी पेटंट समोर ठेवली होती. त्यातलं एक अमेरिकेतल्या तेलविहिरीच्या केसिंगवरच्या पॅकरचं. उघडणारा व्हॉल्व्ह, चेक व्हॉल्व्ह, मर्यादेला बंद होणारा व्हॉल्व्ह, तिन्ही एकाच कॉलरमध्ये बसवलेले. आम्ही कुपवाडला जे शोधलं असं समजत होतो, त्यातलं बरंचसं कुणीतरी समुद्र ओलांडून आधीच केलं होतं. पुढे कलम ३(फ) : माहीत असलेल्या साधनांची नुसती मांडणी, जी एकमेकांपासून स्वतंत्रपणे आणि माहीत असलेल्या रीतीनेच काम करतात, तो शोध नव्हे.

राग ओसरल्यावर मला परीक्षकांचं म्हणणं पटलं. दाव्यांत जे लिहिलं होतं ते खरोखर नवं नव्हतं. नवं होतं ते मी लपवायला निघालो होतो ते छिद्र. त्याच्यामुळेच चेक व्हॉल्व्ह खालच्या दाबाप्रमाणे वागत होता आणि तिन्ही व्हॉल्व्ह एकमेकांवर अवलंबून होते. पण अर्ज दाखल झाल्यावर नवी गोष्ट घुसवता येत नाही. कलम ५९ नुसार मूळ तपशिलात आहे तेवढ्याच्या आतच दुरुस्ती करायची. आता सगळी मदार त्या आकृतीवर आणि त्या एका वाक्यावर. मॅडमनी वाक्याखाली पेन्सिलीने रेघ मारली आणि कागद माझ्याकडे सरकवला, एक शब्दही न बोलता.

उत्तर द्यायला सहा महिने असतात. आम्ही चार वापरले. छिद्र बुजवून आणि छिद्र उघडं ठेवून, तशाच दोन पिशव्यांवर त्याच दाबाने चाचण्या घेतल्या आणि नोंदी जोडल्या. बुजवलेल्या छिद्राची पिशवी खालच्या टोकालाच फाटली. सुनावणी व्हिडिओवर झाली. मी उभा कापलेला व्हॉल्व्ह कॅमेऱ्यासमोर धरला. पेटंट कार्यालयाच्या नियंत्रकांनी विचारलं, “हा मार्ग बंद केला तर बाकीचे दोन व्हॉल्व्ह नेहमीसारखेच चालतात ना?” मी म्हणालो, “चालतात साहेब, पण मग पिशवी वाचत नाही.” त्यांनी चाचणीच्या नोंदीचं पान मागितलं आणि बराच वेळ वाचलं. पंधरा दिवसांत लेखी निवेदन दिलं. पहिला दावा अरुंद झाला, दोन दावे गळले, आणि २०२३ मध्ये पेटंट मिळालं. शोधक म्हणून दोन नावं आहेत, माझं आणि टर्नरकाकांचं. तपासणी एवढी कसून झाली म्हणूनच आज ठेकेदाराशी बोलताना मला आमच्या मालात नेमकं आमचं काय आहे ते सांगता येतं.

अण्णांना मात्र हे सगळं पटत नव्हतं. “हातपंपावर कुणी असा कागद घेतला असता तर आपला गाळा उघडला असता का रे?” त्यांचा प्रश्न मी टाळला नाही. त्यांना पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर आमचा तपशील उघडून दाखवला. कुणालाही, फुकट, कधीही वाचता येतो तो. तिसरी आकृती मोठी करून दिली. अण्णांनी चष्मा लावून माप वाचलं, चार मिलिमीटर, आणि विचारलं, “वीस वर्षांनी कुणीही करू शकेल?” म्हटलं, हो, अर्जाच्या तारखेपासून वीस. “मग ठीक आहे,” म्हणाले, आणि आकृतीची प्रिंट काढून मागितली.

सध्या साडेचार इंची बोअरसाठी लहान पॅकरचं काम चालू आहे. लहान बॉडीत छिद्राला जागा पुरत नाही, म्हणून टर्नरकाकांनी वेगळा मार्ग काढलाय. त्याचा अर्ज गेल्याशिवाय हा पॅकर गावात न्यायचा नाही, असं ठरलंय. मसुदा परवा मॅडमकडे पाठवला. या वेळी पहिला दावा त्या मार्गापासूनच सुरू होतो.