अर्धं मन, अर्धा कान

मिरजेत दुपारचे तीन म्हणजे इकडे इंग्लंडात, लीड्सला, सकाळचे साडेनऊ. ऑक्टोबरअखेर इथली घड्याळं मागे गेली की साडेचारचा फरक साडेपाच तासांचा होतो, आणि त्या एका तासाने माझी दरवर्षी काहीतरी पंचाईत होते. यंदा आईच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नेमकं आमच्या मंगळवारच्या मिटिंगच्या वेळेवर आलं. मोतीबिंदू म्हणजे वीस मिनिटांचं काम, हे डॉक्टर, भाऊ, वहिनी आणि गुगल या सगळ्यांनी मला सांगून झालं होतं. तरी मी त्या दिवशी घरूनच काम घेतलं, डाव्या कानात ऑफिस लावलं आणि उजव्या कानात मावशी.

मावशी ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर बसून सगळं सांगत होती. "नेलं बघ आत. हिरवा झगा घातलाय, हसतीये. मी डबा घेऊन बसलेय, घाबरायचं काम नाही." डाव्या कानात गुरुवारी रिलीज जाणार की नाही यावर चर्चा चाललेली. मॅनेजरने म्हणे मला दोनदा हाक मारली. माझ्या नावात ळ आहे आणि इथे त्याचा ल होतो, एरवी मी तो चालवून घेते. त्या दिवशी मात्र ते नाव माझं आहे हेच डोक्यात शिरलं नाही. तिसऱ्यांदा कुणीतरी चॅटमध्ये माझ्या नावापुढे प्रश्नचिन्ह टाकलं, तेव्हा मी दचकून म्यूट काढला आणि बोलून गेले, "सॉरी, आय वॉज लिसनिंग हाफ-हार्टेडली."

पलीकडे शांतता. मग कुणीतरी घसा खाकरला आणि चर्चा पुढे सरकली. मला वाटलं, मोकळेपणाने सांगितलं, विषय संपला.

गुरुवारी वन-टू-वन होतं. मॅनेजर आजाऱ्याच्या उशाशी बसल्यासारख्या आवाजात म्हणाले, "तू परवा म्हणालीस की तू या कामाबद्दल हाफ-हार्टेड आहेस. काही खुपतंय का? टीम बदलून हवीये का?" मी चाटच पडले. तीन वर्षं मी या कामासाठी रविवारसुद्धा खर्ची घातलेत, आणि एका शब्दाने माझी गणना कामात राम नसलेल्यांत!

शब्दाची गडबड कुठे झाली ते नंतर कळलं. आपल्याकडे मन एकच आहे. लागतं तेही मनच, भरकटतं तेही मनच, आणि एखाद्या गोष्टीची इच्छा नसेल तर तेही मनात नसतं. "माझं अर्धं मन तिकडे होतं" यावर सांगलीत कुणी टीम बदलून देणार नाही, फार तर विचारतील, "कुणाचं काय झालं?" इंग्रजांनी मात्र याची वाटणी करून ठेवलीये. इच्छा आणि उमेद हृदयाकडे, म्हणून हाफ-हार्टेड म्हणजे कामाची हौसच नाही. बरं, हृदय सोडून 'माइंड' धरावं, तर 'आय हॅव हाफ अ माइंड टु अटेंड धिस मिटिंग' म्हणजे या मिटिंगला जावं असं मला जवळजवळ वाटायला लागलंय! हा वाक्प्रचार बहुतेक वेळा वैतागलेला माणूस वापरतो, सरळ तक्रारच करावी म्हणते, अशा चालीवर. म्हणजे अर्धं मन कुठे 'असलं' तर लक्ष विभागलंय, आणि अर्धं मन काही 'करायला' असलं तर धमकी. मध्ये फक्त एक टीचभर शब्दयोगी. अर्धा डोळा दुधावर ठेवला तर चालतो, अर्ध्या कानाने ऐकलं तरी चालतं. अर्धं हृदय तेवढं चालत नाही. आणि हे शाळेत कुणीही सांगितलं नव्हतं. आम्हाला पॅसिव्ह व्हॉइस मात्र घोकून घोकून पाठ.

(आपणही धुतल्या तांदळासारखे नाही, हे कबूल. 'कानाडोळा' शब्दात कानही दिसतो, डोळाही दिसतो, आणि अर्थ काय, तर मुद्दाम न बघणं. एखाद्या इंग्रजाने मराठी शिकायला घेतली तर तो इथेच आडवा होईल.)

खुलासा करणारं ईमेल लिहायचं ठरवलं. तीन ओळींच्या त्या ईमेलला पाऊण तास लागला. आधी लिहिलं 'ॲबसेंट-माइंडेड'. वाचून बघितलं तर चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधणाऱ्या प्रोफेसरांची आठवण झाली. तो स्वभाव झाला, मला तर एका सकाळचं सांगायचं होतं. 'डिस्ट्रॅक्टेड' लिहिलं, तर प्रश्न आला की कुणी केलं? म्हणजे खापर मावशीवर. 'प्रीऑक्युपाइड'मध्ये बरोबर तीच काळजी होती, पण वाचणाऱ्याला वाटावं की ही महिनाभर अशीच आहे. 'इनॲडव्हर्टंटली' म्हणजे आपल्या सरकारी पत्रातलं अनवधानाने, त्याच्या मागे माफीनामा जोडावा लागतो. 'माय अटेंशन वॉज डिव्हायडेड' अगदी चोख, पण डॉक्टरांच्या रिपोर्टमधून उचलल्यासारखं.

ते तसंच ठेवून हिरवी बिन बाहेर लावायला गेले, तर शेजारच्या बाई भेटल्या. निवृत्त शाळामास्तरीण, यॉर्कशायरच्या, मला लव्ह म्हणतात. त्यांना सगळं रामायण सांगितलं. त्या म्हणाल्या, "अगं, यू वर माइल्स अवे, दॅट्स ऑल." मी म्हटलं, मैल तर खरंच आहेत, मुंबईपर्यंतच साडेचार हजार, पुढे मिरज वेगळी. त्या खूप हसल्या. मग मास्तरीण जागी झाली आणि मला सांगितलं की हे बोलायला ठीक आहे, लिहिताना फक्त 'आय वॉज ओन्ली हाफ लिसनिंग' लिही, आणि पुढे बिकॉज लिहून खरं कारण लिही. हृदय नको, मन नको, कानसुद्धा नको. ऐकत होते, अर्धंच.

इतकं साधं वाक्य मला सुचलं नाही याचा राग यायला हवा होता. पण मला राग आला तो कारण लिहायचा. घरचं ऑफिसात आणायचं नाही, असं आपल्याकडे बाबा सांगायचे आणि ते मी इकडेही पाळत आलेय.

आणि खरं सांगू का, दोन कानांनी दोन गोष्टी ऐकल्या म्हणून एवढं बिघडलं काय? मी ज्या घरात वाढले तिथे आई कुकरच्या शिट्ट्या मोजत, दुधावर डोळा ठेवून, माझे पाढे घेत असे आणि सतरा साते चुकलं की लाटणं उगारत असे. अष्टावधानी हा आपल्याकडे गौरवाचा शब्द आहे. इकडे लक्ष 'पे' करतात, पैशासारखं, आणि अर्धं दिलं की उधारी राहते. गाडी चालवतानाचा गुन्हाच मुळी 'विदाउट ड्यू केअर अँड अटेंशन' या नावाचा. ड्यू, म्हणजे देणं! हातात फोन सापडला तर दोनशे पौंड दंड आणि लायसन्सवर सहा पेनल्टी पॉइंट. लायसन्स काढून दोन वर्षं झाली नसतील तर सहा पॉइंटांत तेही रद्द. मला काढून चौदाच महिने झालेत, त्यामुळे गाडीत बसले की मी एकावधानी. रस्त्यावर हे मला पटतंच. पुण्यात मान वाकडी करून, खांद्यात फोन दाबून स्कूटर हाकणारे आठवले की जास्तच पटतं. पण मिटिंग म्हणजे काही इथला एम सिक्स्टी-टू हायवे नव्हे. आणि त्या मिटिंगमध्ये कॅमेरा बंद केलेले चौघं काय डोळे मिटून ध्यान करत होते?

माझी बाजू भक्कम करायला थोडं वाचलं, तिथे मात्र तोंडावर पडले. कॉलिन चेरी नावाच्या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९५३ मध्ये लोकांच्या दोन कानांत दोन वेगळी बोलणी सोडली आणि एकाच कानातलं मोठ्याने म्हणत राहायला सांगितलं. दुसऱ्या कानात इंग्रजीची जर्मन झाली तरी लोकांना पत्ता लागला नाही. म्हणजे माझी मिटिंग जर्मनमध्ये झाली असती तरी मला कळलं नसतं. पुढे १९५९ मध्ये नेव्हिल मोरे यांनी (आडनाव कराडकडचं वाटतं, माणूस इंग्लंडचा) दाखवलं की लक्ष नसलेल्या कानातही स्वतःचं नाव आलं तर काहींना ते ऐकू येतं. सगळ्यांना नाही, साधारण तिघांत एकाला. आणि माझं तर नावही ल लावून आलेलं. हा मुद्दा मी ईमेलमध्ये घालणार होते, शेजारच्या बाईंनी घालू दिला नाही.

शेवटी लिहिलं ते एवढंच, की मी अर्धंच ऐकत होते, कारण त्या वेळी भारतात माझ्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन चालू होतं. सहा मिनिटांत उत्तर आलं. आई कशी आहेत, दिसायला लागलं का, आणि आधी का नाही सांगितलंस, सकाळ मोकळी दिली असती. खाली एक ओळ, तू हाफ-हार्टेड म्हणालीस तेव्हापासून मी नीट झोपलो नाही. बिचारा. त्याचं तरी सगळं लक्ष कामावर कुठे होतं.

दुसरा डोळा पुढच्या महिन्यात, पुन्हा मंगळवारी, पुन्हा तीनलाच. कॅलेंडरमध्ये मी आधीच लिहून ठेवलं, मम्स आय ऑपरेशन, हाफ लिसनिंग. मॅनेजरने मिटिंगच अकराला ढकलली. मावशीला फोन करून कौतुकाने सांगितलं की या वेळी दोन्ही कान तुझेच.

"म्हणजे तासभर नुसती फोन धरून बसणार होय?" मावशी म्हणाली. "मेथी मिळते का गं तिकडं? निवडत बस तेवढ्यात."

मिळते. दोन जुड्या सांगून ठेवल्यात.