तुम्ही विचारलंत म्हणून: गणपती का नाही करत?

घरी येणारा प्रत्येक जण खिडकीतला मी दगडात कोरलेला बेडूक, कासव, झोपलेलं मांजर हातात घेतो, ‘छान’ म्हणतो आणि मग विचारतो, “पण एखादा गणपती का नाही करत हो?” शेजारच्या काकूंनी तर, सुपारीएवढा झाला तरी चालेल, म्हणून दगडही आणून दिला.

खरं सांगू? माझ्या हातून मोडतं.

मी शंखजिरं, म्हणजे सोपस्टोन हा मऊ दगड, कोरते. त्यातला टाल्क हे सगळ्यांत मऊ खनिज, काठिण्याच्या मोह्‌स मापावर 1. नखानेही ओरखडा उठतो. आपल्या काळ्या पाषाणाला छिन्नी-हातोडा हवा, याला जुनी सुरी आणि कानस पुरते. मऊ म्हणून सोपं मात्र नाही. दगड घेताना मी मडक्यासारखा वाजवून घेते. बद्द वाजला की आत चीर आहे. मग पाण्यात बुडवते, ओला झाला की शिरा उमटतात. एवढं करूनही भेग निघायची ती नेमकी कानापाशी.

गेल्या पावसाळ्यात बैल करायला घेतला होता. वशिंड झकास जमलं आणि कानस फिरवताना डावं शिंग गेलं. म्हटलं, वासरू करू. मग कान गेला. शेवटी मान खाली घासली, पाय पोटाशी घेतले आणि बेडूक केला. चार इंचांचा बैल, दीड इंचाचा बेडूक! खिडकीत बसलाय, कुणाला संशय येत नाही. गणपतीची सोंड अशी तुटली असती तर? भंगलेली मूर्ती घरात ठेवायची नाही, आणि तिचा बेडूक करायला हात धजावेल का?

मोहेंजोदडोच्या बहुतेक मुद्रा, म्हणजे ठसा उमटवायचे शिक्के, याच जातीच्या दगडाच्या. जेमतेम इंचभर चौकोनात गेंडा, हत्ती, वशिंडाचा बैल, तेही आत खोल कोरलेले. कोरून झालं की ते कारागीर मुद्रा भाजत, दगड कडक होई. माझ्याकडे भट्टी नाही. मी पाण्यात पॉलिश पेपर घासते (कोरडं घासलं की धूळ छातीत जाते) आणि दगड कोमट करून मेण चोळते. राखाडी रंग एकदम गडद होतो, तेवढा क्षण मला फार आवडतो.

काकूंचा दगड परवा पाण्यात टाकून पाहिला. मधोमध शीर आहे. बसका ससा निघेल, कान पाठीवर पाडलेला. काकूंना अजून सांगितलेलं नाही.