नटाला घातलेलं कडं

दुरुस्तीला घेतलेल्या जुन्या लेथच्या (जॉब फिरवून कापायच्या मशीनच्या) क्रॉस स्लाइडचं, म्हणजे टूल आत-बाहेर नेणाऱ्या भागाचं हँडल पाव फेरा नुसतंच फिरायचं, मग कुठे टूल जागचं हलायचं. स्क्रूचा पिच, म्हणजे एका फेऱ्यात सरकणारं अंतर, 4 मिमी, म्हणजे जवळपास 1 मिमी खेळ. आतला गनमेटलचा (तांब्याच्या मिश्रधातूचा) नट पार झिजला होता. नवा नट करायचा तर तोही याच मशीनवर, त्याच झिजलेल्या नटाच्या भरवशावर.

आटे डावे. क्रॉस स्लाइडला ते डावेच लागतात, म्हणून तर हँडल घड्याळाच्या दिशेनं फिरवलं की टूल जॉबकडे सरकतं. आटे सुरेख उतरले. नट आट्यांच्या मँड्रेलवर (जॉब धरायच्या दांड्यावर) चढवला आणि बाहेरचा व्यास 25 मिमीला आणायला घेतला. शेवटच्या कटाला हँडल डायलवरची चार घरं जास्त गेलं. मी ते चार घरं मागे घेतलं आणि फीड दिला. हँडल मागे आलं. टूल होतं तिथंच राहिलं, कारण गिब, म्हणजे स्लाइड घट्ट धरणारी पट्टी, मी कसून ठेवली होती. मायक्रोमीटर लावला. 24.60.

अर्धा फेरा मागे घ्यायचा आणि पुन्हा पुढे येत मापावर थांबायचं, हे मला चांगलं ठाऊक आहे. ज्या खेळापायी हा नट करायला घेतला, त्या खेळानंच तो खाल्ला याचं फार वाईट वाटलं. आट्यांवर दोन संध्याकाळी गेल्या होत्या.

नर्लिंग करून, म्हणजे अंगावर खवले उठवून, ते फुगवता आलं असतं, पण मग नट नुसत्या खवल्यांच्या टोकांवर बसतो आणि काही दिवसांत पुन्हा हलायला लागतो. ते मला पटत नाही. उरलेल्या गनमेटलचं कडं केलं. आधी कड्याचं बोअर (आतलं भोक) उरकलं, साधारण 22 मिमी, जे आलं ते आलं. मग नट त्याच मँड्रेलवर धरून त्या बोअरला जुळवून उतरवला, पाच शतांश सैल. बाहेरचं माप मायक्रोमीटरनं नेमकं घेता येतं, बोअरचं तितकं खात्रीनं येत नाही. म्हणून हा क्रम. दोन्ही भाग ॲसिटोननं पुसले, रिटेनिंग कंपाउंड (धातूचे भाग एकमेकांत पक्के चिकटवणारं रसायन) लावून कडं फिरवत फिरवत सरकवलं आणि रात्रभर हात लावला नाही.

सकाळी बाहेरून 25 ला आणलं, प्रत्येक कटाआधी हँडल अर्धा फेरा मागे घेऊनच. सांधा नखाला लागत नाही. उजेडात तिरका धरला तर केसाएवढी रेघ दिसते.

नट बसवला. स्क्रूच्या टोकांना आता दोन घरांचा खेळ आहे. मधल्या भागात सहा, कारण रोजच्या कामानं तिथं स्क्रूच बारीक झालाय. आता तो काढायचा आहे.