आमच्यातला झोपणारा

आमच्या पिक्चर बघायच्या टोळक्यात आम्ही सहा जण आहोत आणि त्यातला एक दर वेळी झोपतो. दर वेळी म्हणजे अगदी न चुकता. विसाव्या मिनिटाला मान डावीकडे कलते, अर्ध्या तासाला श्वास जड होतो, मग शेजारी जो कोणी बसला असेल त्याने कोपर मारायचं, की हा डोळे न उघडता म्हणणार, "बघतोय रे". सुरुवातीला आम्हाला भयंकर राग यायचा, म्हणजे आपण एवढं ठरवून, वेळ काढून, फोन बाजूला ठेवून बसायचं आणि याने घोरायचं. आता तो नसला तर चर्चाच रंगत नाही. का ते सांगते. (पुढे दोन-तीन पिक्चरचे शेवट फोडलेत, नंतर मला बोलायचं नाही.)

आधी थोडं आमच्याबद्दल. सहा जणांनी मिळून पिक्चर निवडणं ही अशक्य गोष्ट आहे हे आम्हाला पहिल्याच महिन्यात कळलं. ग्रुपवर पोल टाकला, सहा जणांनी सात पर्याय सुचवले, तीन दिवस भांडण झालं, आणि शेवटी जो पिक्चर बघितला तो कोणालाच नको होता, फक्त कोणाचा विरोध नव्हता इतकंच. मग ठरलं की पाळी लावायची, ज्याची पाळी त्याचा शब्द शेवटचा, बाकीच्यांनी गप बसायचं. एकदा जुना, एकदा नवा. जुना म्हणजे आपण जन्माला यायच्या आधीचा, नवा म्हणजे गेल्या दहा-बारा वर्षांतला. मधली वर्षं आपोआप वगळली जातात आणि त्यावरून आमच्यातला एक जण अजून कुरकुरतो, पण नियम म्हणजे नियम.

अजून एक, हे सगळ्यांनीच करा: टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन ते मोशन स्मूदिंग की काय असतं ते बंद करा. प्रत्येक कंपनीने त्याला वेगळं नाव दिलंय त्यामुळे शोधायला लागतं. पिक्चर सेकंदाला 24 फ्रेमने शूट झालेला असतो, आणि टीव्ही मधे स्वतःच्या मनाने जादा फ्रेम बनवून घुसडतो, म्हणून सगळं मालिकेसारखं गुळगुळीत दिसतं. आम्ही चार महिने तसंच बघत होतो. सगळ्यांना काहीतरी खटकत होतं आणि सगळ्यांना वाटत होतं आपल्यालाच खटकतंय.

तर झोपणारा.

माझी पाळी होती आणि मी 'टोकियो स्टोरी' लावला, जपानी दिग्दर्शक ओझूचा, 1953 चा. सव्वादोन तास, ब्लॅक अँड व्हाइट, कॅमेरा जमिनीपासून जेमतेम वर आणि सहसा हलतच नाही. म्हातारा-म्हातारी लांबच्या गावाहून टोकियोला मुलांकडे येतात, मुलांना वेळ नसतो, परत जातात. बस. 2012 मध्ये 'साइट अँड साउंड' या ब्रिटिश सिनेमा-मासिकाने जगभरच्या दिग्दर्शकांचा कौल घेतला त्यात हा पहिला आला होता, हे मी आधीच सांगून टाकलं, ही माझी चूक. असं काही सांगितलं की माणसं परीक्षेला बसल्यासारखी बसतात. याने अर्थातच बरोबर विसाव्या मिनिटाला मान टाकली.

जागा झाला तेव्हा पडद्यावर सुतक. मुलं-सुना बसलेत, मधे म्हातारीचं प्रेत, तोंडावर पांढरं कापड. हा दचकून उठला आणि म्हणाला, "अरे? ही गेली कधी? मी किती वेळ झोपलो?"

आम्ही श्शू केलं. पिक्चर संपल्यावर त्याने परत तोच प्रश्न विचारला आणि आम्ही सांगायला लागलो की अरे ती परत जाताना गाडीत आजारी पडली... आणि इथेच अडलो. गाडीत आजारी पडताना कोणी बघितलं? कोणीच नाही. ते मुलाच्या बोलण्यातून कळतं. बरं मग घरी पोचल्यावर? मधे मुलांना तारा, म्हणजे टेलिग्राम, येतात, मग ती थेट अंथरुणावर, बेशुद्ध. बरं, गेली कधी? एक म्हणे रात्री, दाखवलंय की, मोठा मुलगा तपासतो आणि मग. मी म्हटलं नाही, पहाटे. शेवटी मागे नेऊन बघितलं. मुलगा सांगतो की उद्या सकाळपर्यंत टिकेलसं वाटत नाही. मग पहाटेची दोन-चार शांत दृश्यं, बंदराकडची. आणि मग एकदम पांढरं कापड. मधे काही नाही! जी गोष्ट कुठल्याही पिक्चरवाल्याने पाच मिनिटं ताणली असती, मागे व्हायोलिन लावून, ती ओझूने कापूनच टाकलीये. म्हणजे आम्ही पाच जण टक्क जागे होतो आणि आम्हीपण ती जाताना बघितली नव्हती, फक्त आम्हाला वाटत होतं की बघितलीये. झोपलेल्या माणसाने प्रामाणिकपणे विचारलं म्हणून कळलं. नाहीतर आम्ही "काय सुंदर आहे ना" म्हणून उठलो असतो.

त्या रात्री आम्ही दीड वाजेपर्यंत बोलत होतो. आमच्यातली एक डॉक्टर आहे, ती म्हणाली मला तर तेव्हाच शंका आली होती, ते दोघं समुद्रकाठी बसलेले असतात आणि म्हातारी उठताना तिला गरगरतं, तेव्हाच. आम्हा बाकीच्यांना तो सीन नुसता देखावा म्हणून आठवत होता. मग तिने मोठ्या मुलाची बाजू घेतली. तो पण डॉक्टर आहे, आईवडिलांना फिरायला न्यायचं ठरतं आणि ऐन वेळी पेशंट येतो म्हणून रद्द होतं. आम्ही सगळे त्याला शिव्या घालत होतो आणि ही एकदम तडकली, की तुम्हाला काय माहितीये रविवारी फोन आला की काय वाटतं ते, मी पण माझ्या आईचं असंच तीनदा रद्द केलंय. शांतता. मग दुसरी म्हणाली, तुझं काहीच नाही, मी तर ती मुलगी आहे, ती ब्युटी पार्लरवाली, आई जाऊन एक दिवस झाला नाही तर आईचा किमोनो मागते ती. आपण सगळे तिला नावं ठेवतो पण आजी गेली तेव्हा मी पहिल्यांदा विचारलं होतं तिचं घड्याळ कोणाला देणार. हे तिने आम्हाला दहा वर्षांच्या मैत्रीत कधी सांगितलं नव्हतं. समोरासमोर बसून "तुझ्या मनातलं सांग" म्हटलं असतं तर मेलं कोणी सांगितलं नसतं. पण पिक्चरमधल्या बाईबद्दल बोलता बोलता सांगून टाकता येतं, नजर पडद्याकडेच असते ना. बंद पडद्याकडे असली तरी.

त्यानंतर आम्ही याच्या झोपेकडे जरा आदराने बघायला लागलो.

'ट्वेल्व्ह अँग्री मेन'ला तर कमालच झाली. 1957 चा, सिडनी ल्युमेटचा, जवळजवळ सगळा एका खोलीत, बारा ज्युरी आणि उकाडा. हा पहिली वीस मिनिटं जागा होता आणि मग थेट शेवटची वीस. संपल्यावर म्हणतो, "मधे खोली बदलली का?" आम्ही हसलो. नाही रे, तीच खोली. "मग लहान कशी झाली? आधी एवढी मोठी होती, आता छत डोक्यावर आलंय." परत मागे-पुढे करून बघितलं. खरंच की! ल्युमेटने स्वतःच्या पुस्तकात हे लिहून ठेवलंय, नंतर आमच्यातल्या एकाने शोधून आणलं: पहिला एक तृतीयांश पिक्चर डोळ्यांच्या वरून शूट केलाय, दुसरा डोळ्यांच्या रेषेत, शेवटचा खालून, म्हणून शेवटी छत दिसायला लागतं, आणि लेन्सपण हळूहळू लांब पल्ल्याच्या वापरत गेला, त्यामुळे भिंती अंगावर येतात. हे सगळं इतकं सावकाश होतं की जो सलग बघतो त्याला फक्त गुदमरायला होतं, कारण कळत नाही. ज्याने मधलं बघितलंच नाही त्यालाच दिसणार. यावर तो इतका फुशारला की विचारू नका.

नव्या पिक्चरचं मात्र वेगळं असतं. जुन्याला आपण जरा अदबीने बघतो, कंटाळा आला तरी बोलायची लाज वाटते. नवा पिक्चर लावला की सगळ्यांची आधीच मतं तयार, कुठेतरी वाचलेलं, कोणीतरी सांगितलेलं, चार रील बघून झालेले. म्हणून आम्ही आता संपल्या संपल्या "आवडला" किंवा "बकवास" म्हणायला बंदी घातलीये, पहिली दहा मिनिटं फक्त काय दिसलं ते सांगायचं. हे वाटतं तितकं सोपं नाही. आमच्यातल्या एकाला पहिले तीन महिने जमलंच नाही, "मला दिसलं की दिग्दर्शकाला काही येत नाही" असं सुरू करायचा.

चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट' (2014) बघितला तेव्हा तो नियम फारच कामाला आला. त्यात शेवटाकडे कोर्टाला सुट्टी लागते, माणसं निघून जातात, कर्मचारी एकेक करून दिवे बंद करतात आणि पडदा काळा. आम्हाला वाटलं संपला. एकीने उठून खोलीतला लाइट लावला, झोपणारा जागा झाला, जांभई दिली, कोणीतरी "बाप रे" म्हणालं, आणि पिक्चर पुढे सुरू! न्यायाधीश महाशय सहलीला निघालेत. मग बाकावर बसल्या बसल्या त्यांना डुलकी लागते, पोरं गुपचूप येऊन जोरात ओरडतात, ते दचकून उठतात आणि हाताला लागेल त्या पोराला थोबाडीत देतात, आणि परत झोपतात. संपलं.

आमचे चार जण म्हणाले हा शेवट कशाला, दिवे गेले तिथेच थांबायला हवं होतं. हा एकटा म्हणाला, नाही, तिथे थांबला असता तर तुम्ही छान वाईट वाटून घेऊन घरी गेला असता. आणि मग म्हणाला, "मला झोपेतून उठवलं की मी पण चिडतो, पण माझ्या हातात कोणाचा जामीन नसतो." च्यायला. हे वाक्य मला कुठल्याच परीक्षणात सापडलं नसतं.

मधे 'परफेक्ट डेज' (2023) झाला. त्यात मला फार गंमत वाटली, कारण त्यातल्या टॉयलेट साफ करणाऱ्या माणसाचं नाव हिरायामा, आणि 'टोकियो स्टोरी'तल्या कुटुंबाचं आडनावपण हिरायामा. त्याचा दिग्दर्शक विम वेंडर्स ओझूचा जुना भक्त, त्याने ओझूच्या शोधात टोकियोला जाऊन 1985 मध्ये 'टोकियो-गा' नावाची डॉक्युमेंटरी केली होती. जुना-नवा पाळीने बघायचा फायदा हा असा, की असं काही सापडलं की आपणच शोधल्यासारखं वाटतं. मी हे सगळं उत्साहाने सांगत होते आणि बघते तर तो झोपलेला, चेहऱ्यावर अगदी त्या हिरायामासारखंच समाधान.

या सगळ्यात कोणीतरी त्याला सांगितलं की इराणचा दिग्दर्शक अब्बास किआरोस्तमी एका मुलाखतीत म्हणाला होता की आपल्याला प्रेक्षकाला थिएटरात झोपवणारे पिक्चर जास्त आवडतात. हे त्याला सांगायलाच नको होतं. आता कोपर मारलं की उत्तर येतं, "किआरोस्तमी".

तर गेल्या महिन्यात त्याची पाळी. आम्हाला वाटलं दीड तासाचं काहीतरी लावेल. त्याने लावला 'जान दिएलमान', बेल्जियन दिग्दर्शिका शांताल आकेरमानचा, 1975 चा, तीन तास एकवीस मिनिटं. 'साइट अँड साउंड'च्या 2022 च्या समीक्षकांच्या यादीत हा पहिला आला होता, पण याचं कारण वेगळं, म्हणाला, "एवढी मोठी झोप परत कधी मिळणार?" पिक्चरमध्ये एक विधवा बाई, एक मुलगा, घर. ती भांडी घासते, बटाटे सोलते, पलंग आवरते, आणि ते सगळं पूर्ण दाखवतात, कट नाही. घरी येणाऱ्या पुरुषांकडून पैसे घेते ते जेवणाच्या टेबलावरच्या एका झाकणाच्या भांड्यात ठेवते आणि झाकण लावते.

मी पहिली झोपले. खरं सांगते, लाज वाटते पण झोपले. मग डॉक्टर, तिची आदल्या रात्री ड्यूटी होती म्हणून तिला माफ आहे. मग बाकीचे, कोण कधी गेलं ते कोणालाच माहीत नाही. मला जाग आली तेव्हा नावं वर सरकत होती आणि बाकीचे चौघंही आडवे-तिडवे, आणि हा एकटा मांडी घालून, गुडघ्यावर हात ठेवून, टक लावून बसलेला. मी विचारलं तू झोपला नाहीस? म्हणाला, "कसा झोपणार, दुसऱ्या दिवशी बटाटे जास्त शिजतात गं. मग ती त्या भांड्याचं झाकण लावायला विसरते. तिथून मला नीट श्वासच घेता येईना."

मग एकेक करून सगळे उठले, डोळे चोळत त्याच्याभोवती बसले. पुढे काय झालं, शेवट काय, सांग ना. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग चप्पल घालता घालता म्हणाला, "पहिली दहा मिनिटं काय दिसलं तेवढंच सांगायचं ना? मला तुम्ही दिसलात, झोपलेले." आणि गेला.

तीन आठवडे झाले, अजून शेवट सांगत नाहीये.