क्लॅरिंडाची जत्रा आणि आप्पांचं गोणपाट

आप्पा कृषी सहायक होते तोवर मे महिना सरत आला की आमच्या लातूरच्या घरात मोरीजवळ एक ओलं गोणपाट गुंडाळून ठेवलेलं असायचं. आत सोयाबीनचे 100 दाणे, दहा-दहाच्या ओळीत. त्यातले 70 उगवले तर बी पेरायचं, थोडे कमी भरले तर एकरी बियाणं वाढवायचं, फारच कमी भरले तर ते बी मोंढ्यावर घालून मोकळं व्हायचं. आप्पांकडे आठ गावं होती आणि प्रत्येक गावात हाच प्रयोग. लोक पाहायचे, मान डोलवायचे, आणि निम्मे जण घरी जाऊन न तपासता तसंच पेरायचे. आई म्हणायची, "लोकांच्या बियांचा वास आमच्या घरात!"

हे आठवायचं कारण म्हणजे गेल्या जुलैत मी अमेरिकेत ओमाहाला भावाकडे होते आणि शनिवारी कुठं जायचं यावर घरात मतभेद झाले. वहिनीला मॉल हवा होता, भावाला नुसतं झोपायचं होतं. भाची म्हणाली, "आत्या, आपण काउंटी फेअरला जाऊ. तिथं माझ्यासारखी फोर-एचची मुलं असतात." काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी, आणि फेअर म्हणजे तिची जत्रा. फोर-एच म्हणजे हातानं करून शिकायचे, मुळात शेतीवरचे मुलांचे क्लब. ती तिच्या शाळेतल्या अशाच क्लबात आहे. तिच्याकडे गाय नाही, कोंबडी नाही, फोटोग्राफीचा प्रकल्प आहे. मी नकाशा काढला आणि शेजारच्या आयोवा राज्यातल्या पेज काउंटीवर बोट ठेवलं. मला तिथलं क्लॅरिंडा गाव बघायचं होतं. भाऊ म्हणाला, "ताई, तिथं काहीच नाहीये." तिथं काय आहे ते मला वाचून माहीत होतं, पण वाद घातला नाही.

मिसूरी नदी ओलांडली की आयोवा सुरू होतं. डाव्या हाताला लोएस टेकड्या लागतात, वाऱ्यानं आणून टाकलेल्या मातीच्या. इतका जाड थर चीन सोडला तर जगात क्वचितच कुठं असेल. मग रस्ता पूर्वेला वळतो आणि शेतं सुरू होतात: मका, सोयाबीन, मका, सोयाबीन. मधे बांध नाही, झाड नाही, माणूस तर नाहीच. मक्याला तुरे आले होते. खिडकी उघडली तर तोंडावर वाफ. तिथले लोक म्हणतात मक्याला घाम येतो, आणि ते खरंच आहे. लाखो एकर मका पानांतून पाणी सोडतो आणि जुलैतली हवा चिकट होते. सोयाबीनला फुलं आली होती. मी गाडी थांबवायला लावली, एक रोप हातात धरलं आणि पानं उलटून पाहिली. वहिनी गाडीतूनच म्हणाली, "ताई, दुसऱ्याचं शेत आहे हो!" रोप आपल्याकडचंच, फक्त ओळ संपायचं नाव घेत नव्हती.

वाटेत शेनांडोआ लागतं. या पाच हजारांच्या गावात दोन बियाणे कंपन्यांनी बी खपवण्यासाठी 1924 आणि 1925 साली आपापली रेडिओ केंद्रं काढली. गाणी, बातम्या आणि मधेमधे बियाण्याची जाहिरात. त्यातल्या एका कंपनीचा मालक हेन्री फील्ड. मी आले होते त्याच्या बहिणीसाठी.

जेसी फील्डचा जन्म 1881 चा. लहानपणी ती वडिलांबरोबर शेतकरी मेळाव्यांना जायची. 1901 साली ती क्लॅरिंडाजवळच्या गोल्डनरॉड नावाच्या एकखोली शाळेत शिकवायला लागली आणि शाळा सुटल्यावर तिनं मुलांसाठी मक्याचा आणि मुलींसाठी घरकामाचा क्लब काढला. (मुलींना मका का नाही, हा माझ्या भाचीचा प्रश्न. उत्तर नव्हतं, काळ तसा होता इतकंच.) 1906 मध्ये ती अख्ख्या काउंटीच्या शाळांची अधीक्षक झाली. वय पंचवीस, शाळा 130. तिनं प्रत्येक शाळेत हे क्लब काढले. तीन पानांच्या क्लोव्हरचा (चाऱ्याचं एक रोप) बिल्लाही तिचाच: डोकं, हृदय, हात. इंग्रजीत तिन्ही शब्द एकाच अक्षरानं सुरू होतात, म्हणून तीन एच. चौथं पान 1911 च्या सुमारास जोडलं गेलं. त्या पानाला आधी झटून काम करणं अशा अर्थाचा एच सुचवला होता, मग त्या जागी आरोग्य आलं. बरं झालं. त्या मुलांना झटायला वेगळं सांगायची गरज नसावी.

फोर-एच नेमकं कुठं जन्मलं यावर मात्र तिथं मिसळीसारखे वाद आहेत. ओहायोवाले म्हणतात आमच्याकडे, 1902 मध्ये. आयोवावाले गोल्डनरॉडकडे बोट दाखवतात. ती शाळा आता उचलून क्लॅरिंडातल्या वस्तुसंग्रहालयाच्या आवारात आणून ठेवली आहे. एका आजींनी कुलूप काढून दिलं. लाकडी बाकं, फळा, एवढीशी खोली. भाचीनं पाचव्या मिनिटाला विचारलं, "एवढंच?" मी मात्र तिथल्या मक्याच्या कणसांपाशी रेंगाळले.

कारण आजींनी सांगितलेली एक गोष्ट. त्या काळी संकरित बी नव्हतं. हेन्री वॉलेसनं संकरित मक्याची कंपनी काढली ती 1926 मध्ये. त्याआधी शेतकरी आपल्याच पिकातली कणसं पुढच्या वर्षासाठी ठेवायचा, देखणी बघून. आणि देखण्या कणसातलं बी कडक हिवाळ्यात मेलेलं असू शकतं. म्हणून आयोवाच्या कृषी महाविद्यालयातले प्रोफेसर होल्डन 1904 पासून चक्क रेल्वेगाडी घेऊन फिरले. प्रत्येक स्टेशनवर गाडी थांबायची, लोक डब्यात चढायचे, व्याख्यान ऐकायचे, गाडी पुढं. सांगणं एकच: प्रत्येक कणसातले सहा दाणे काढा, ओल्या भुशात किंवा कापडात ठेवा, उगवतात का बघा, मगच ते कणीस बियाण्याला ठेवा. मोठी माणसं मान डोलवायची आणि घरी जाऊन विसरायची. शाळेतली पोरं मात्र करून बघायची, कारण बाई विचारणार.

मला हसूच आलं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचे हे लोक आणि माझे आप्पा, सगळ्यांची एकच अडचण. फरक इतकाच की यांना पोरांना हाताशी धरायचं सुचलं.

जत्रेचं मैदान गावाच्या कडेला. काउंटीची वस्ती जेमतेम 15 हजार, आणि त्यातली बरीचशी आज इथंच असावी. पाळणे, धूळ, तळणाचा वास. आपल्या जत्रेसारखंच, फक्त देव नाही. देवाच्या जागी गोठे. मोठाले पंखे, खाली भुसा, आणि मुलं गायीगुरांना धुवून चक्क ड्रायरनं वाळवत होती. खरारा करून केस उलटे फुलवत होती. बैलपोळ्याला आमच्याकडे शिंगांना हिंगूळ लागतो तेवढाच काय तो कमी.

भाचीएवढ्या, दहाएक वर्षांच्या एका मुलीच्या हातात मोरकीला बांधलेलं वासरू होतं. बाटलीनं दूध पाजून वाढवलेल्या वासरांचा एक वेगळा वर्ग असतो, लहान मुलांसाठी. परीक्षक वासराकडे फारसं बघतच नव्हते. ते गुडघ्यावर बसून मुलीला विचारत होते. किती वेळा पाजलंस? हगवण लागली तेव्हा काय केलंस? पेंड कधी सुरू केलीस? मुलगी घाबरत सांगत होती आणि वासरू तिचा शर्ट चघळत होतं. त्या क्षणी आप्पा तिथं हवे होते असं वाटलं.

शेजारच्या हॉलमध्ये बिस्किटं, गोधड्या, लाकूडकाम, फोटो. इथंही परीक्षक आणि मूल समोरासमोर खुर्चीवर. एका मुलानं केलेली बिस्किटं पसरट झाली होती. "का झाली?" "लोणी वितळून गेलं होतं." "पुढच्या वेळी?" "गार वापरीन." त्याला लाल फीत मिळाली. इथं निळी म्हणजे उत्तम, लाल म्हणजे बरं, पांढरी म्हणजे अजून शिक. एकाच वर्गात दहाच्या दहा मुलांना निळी मिळू शकते, कारण मूल दुसऱ्या मुलाशी नाही, ठरलेल्या मापाशी तोललं जातं. जांभळी मात्र मोजक्यांनाच, आणि तिच्यासाठी आया मुलांपेक्षा जास्त अस्वस्थ असतात. ते दृश्य पाहून परदेशात असल्याचं विसरायला झालं.

विस्तार सेवेच्या, म्हणजे विद्यापीठातलं शेतीचं ज्ञान लोकांपर्यंत नेणाऱ्या खात्याच्या, टेबलाशी एक बाई बसल्या होत्या. मी त्यांना कृषी अधिकारी समजले. त्या हसल्या. त्या शेतकरी होत्या, आणि काउंटीच्या विस्तार परिषदेवर निवडून आलेल्या. प्रत्येक परिषदेवर नऊ जण, चार वर्षांसाठी, मानधन नाही. ज्या मतपत्रिकेवर राष्ट्राध्यक्षाचं नाव त्याच मतपत्रिकेवर खाली यांचं. पैसा तिन्हीकडून: केंद्राचा 1914 च्या स्मिथ-लीव्हर कायद्यानं, राज्याचा, आणि काउंटीच्या घरपट्टीसारख्या मालमत्ता करातून. ज्ञान आयोवातल्याच एम्स गावच्या विद्यापीठाचं. जमीन देऊन कृषी महाविद्यालयं काढायचा 1862 चा कायदा सगळ्यांत आधी स्वीकारला तो आयोवानं. एम्स म्हटलं की मराठी माणसाला 'एक होता कार्व्हर'मधला काळा कृषिशास्त्रज्ञ कार्व्हर आठवतोच. मी त्या बाईंना म्हटलं, आमच्याकडे शाळकरी मुलांनाही कार्व्हर माहीत असतो. त्यांना खरं वाटेना. कार्व्हर एम्सला शिकला, तिथं शिकवलं, आणि 1896 मध्ये दक्षिणेत टस्कीगीला, काळ्यांसाठीच्या शिक्षणसंस्थेत गेला. 1906 मध्ये तिथून खेडोपाडी निघाली ती घोडागाडीवरची शेतीशाळा. दक्षिणेत काळ्या मुलांचे क्लब पुढं कित्येक दशकं वेगळेच ठेवले गेले, हेही बाईंनीच सांगितलं, आणि आवाज जरा खाली आणून.

मी त्यांना आप्पांबद्दल सांगितलं. आठ गावं, वरून आलेली उद्दिष्टं, तीन वर्षांनी बदली. त्यांनी विचारलं, "मग गावातल्या लोकांनी त्यांना कामावरून काढायचं ठरवलं तर?" मी म्हटलं, तसं काही नसतं. "आणि ठेवून घ्यायचं ठरवलं तर?" तेही नसतं. एका गावानं आप्पांची बदली थांबावी म्हणून अर्ज केला होता, त्याचं पुढं काहीच झालं नाही.

सगळंच गोड नव्हतं. जत्रेत जिंकणारी जनावरं पुष्कळदा दिखाऊ वाणाची, महागडी विकत आणलेली असतात. ज्याच्या बापाकडे पैसा त्याच्या पोराकडे बरं वासरू, हे न सांगताही दिसत होतं. खाण्याचेही हाल. क्लबच्या मुलांनी चालवलेल्या स्टॉलवर सगळ्यात मांस, शेवटी मी मक्याचं कणीस आणि ॲपल पाय यावर भागवलं. कणीस गोड, मिठा-लिंबाशिवाय. भावानं दोन सँडविचं खाल्ली आणि मला म्हणाला, "आप्पांना सांगू नकोस."

संध्याकाळी लिलाव. लिलाववाला इतका भरभर बोलत होता की आकडासुद्धा कळेना. घेणारे गावातलेच, बँकवाले, खाद्याचे दुकानदार. बाजारभावाच्या वर पैसे देतात ते मुलांसाठी. सतरा-अठरा वर्षांचा एक मुलगा काळा बैल घेऊन रिंगणात आला. तासाभरापूर्वी त्यानं मला त्याची नोंदवही दाखवली होती. विकत घेतल्याची किंमत, खाद्य, डॉक्टर, महिन्याला वजन. शेवटच्या पानावर नफ्याचा रकाना रिकामा होता. बोली संपली, हातोडा पडला, त्यानं टोपी डोळ्यांवर ओढली आणि बैलाच्या मानेवर हात ठेवून बाहेर नेला. मागे ट्रक उभा होता. भाची माझा हात धरून होती. "आत्या, त्याला आधीपासून माहीत होतं?" म्हटलं, पहिल्या दिवसापासून. ती गाडीत बराच वेळ गप्प होती. मग फोर-एचची शपथ पुटपुटली, डोकं स्वच्छ विचाराला, हृदय निष्ठेला, हात सेवेला, आरोग्य चांगल्या जगण्याला, आणि म्हणाली, "यात रडण्याचं काही नाहीये."

रात्री आप्पांना फोन लावला. तिकडे सकाळ. सहा दाण्यांची गोष्ट सांगितली तर लगेच म्हणाले, "सहाच कसे? शंभर पाहिजेत." मग स्वतःच, "हां, एका कणसातले. बरोबर. आपलं पोत्यातलं बी सरमिसळ असतंय." बैलाचं सांगितलं.

"वजन किती भरलं गं?"

"तेराशे पौंड."

"किलोत सांग माय."

"सहाशेच्या आसपास."

"खाऊ काय घालतेत?"

"मका. मका आणि सोयाबीनची पेंड."

"म्हणजे आपलंच की," आप्पा खूश झाले.

मी विचारलं, "आपल्याकडं सध्या काय भाव आहे सोयाबीनला?"

"ते नको विचारू," आप्पा म्हणाले, आणि फोन आईकडे दिला.